चालू डीबीत एमसीबी बदलायला सांगतात. अप्रेंटिसने काय करायचं?

शिकाऊ_परळ

आयटीआय इलेक्ट्रिशियन पूर्ण केलंय. सध्या लोअर परळच्या एका ऑफिस टॉवरमध्ये मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरकडे अप्रेंटिस आहे.

नवव्या मजल्यावर एका ऑफिसची थ्री फेज डीबी (वीज वाटणारा बोर्ड) आहे. ६३ अँपिअरचा फोर पोल इनकमर (डीबीचा मुख्य स्विच), खाली आठ वे. आर, वाय, बी या तीन फेजांपैकी वाय फेजवरचा एक सी-२० एमसीबी (२० अँपिअरचा ब्रेकर) टर्मिनलपाशी काळा पडलाय, वायरचं इन्सुलेशनही करपलंय. बदलायचा आहे. सुपरवायझर म्हणतात, ऑफिस चालू आहे, इनकमर पाडायचा नाही, चालूवरच काढ आणि नवीन बसव. मजल्याला सप्लाय रायझिंग मेनच्या (सगळ्या मजल्यांना वीज नेणारी उभी लाइन) टॅप-ऑफ बॉक्समधून येतो, तो शाफ्टमध्ये आहे.

माझ्याकडे निऑन टेस्टर, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि बोटांवर रबराचे ठिपके असलेले कापडी हातमोजे आहेत. प्रश्न असे:

चालू डीबीत हे काम काळजी घेऊन होतं का? इनकमर खाली पाडला तर तेवढं पुरेसं आहे का? आणि नाही म्हणायचं तर कसं, की अप्रेंटिसशिप खराब होणार नाही? पुढच्या रविवारी कॅपॅसिटर पॅनेलचं कामही आहे, त्यात वेगळं काही बघावं लागतं का?

पॅनेलवाला_भांडुप

पहिल्याचं उत्तर नाही. ते ठिपक्यांचे मोजे खोकी उचलण्यासाठी असतात. विजेपुढे त्यांचा काडीचा उपयोग नाही आणि घाम आला की उलट धोका वाढतो.

चालूवर एमसीबी काढताना नेमकं काय बिघडतं ते बघ. टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रल) डीबीत बसबारचे, म्हणजे सप्लाय वाटणाऱ्या धातूच्या पट्टीचे, दात प्रत्येक एमसीबीच्या टर्मिनलमध्ये गेलेले असतात. स्क्रू ढिला करून एमसीबी रेलवरून सोडवला की तो दात उघडा पडतो आणि चालूच असतो. शेजारच्या दातावर दुसरा फेज, म्हणजे बोटाच्या अंतरात ४१५ व्होल्ट. वर पत्र्याची बॉडी, बाजूला न्यूट्रल लिंक, खाली अर्थ बार. स्क्रू ड्रायव्हर एकदा घसरला की त्याचं टोक फेजवर आणि दांडी पत्र्यावर. तुझ्या केसमध्ये तर टर्मिनल जळलेलं आहे. जळलेला स्क्रू सरळ सुटत नाही, जोर लावावा लागतो, आणि हात घसरतो तो जोर लावतानाच. करपलेलं इन्सुलेशन वाकवलं की तुकडे पडतात. म्हणजे चालूवर करायच्या सगळ्या कामांत हे सगळ्यात वाईट.

दुसरं, इनकमर पाडणं पुरेसं नाही. इनकमर खाली केला की बसबार मरतो, पण इनकमरच्या वरच्या बाजूला येणारी केबल जिवंतच राहते. केबलच्या टोकांचे तीन लग, चार इंचांवर. पॅनेलचं पुढचं कव्हर काढलं की ती उघडी. म्हणून सप्लाय एक पायरी मागून तोडायचा, म्हणजे शाफ्टमधल्या टॅप-ऑफ बॉक्सच्या एमसीसीबीवर (मोठा ब्रेकर). फक्त हँडल खाली कर. टॅप-ऑफ बॉक्सचं झाकण उघडू नकोस आणि बॉक्स बसडक्टवरून (रायझिंग मेनच्या पट्ट्यांची पेटी) ओढून काढायचा विचारही नको, कारण त्याची वरची बाजू रायझिंग मेनवर कायम जिवंत असते.

हँडल खाली केल्यावर कुलूप. एमसीसीबीच्या हँडलला लावायचा लॉक अॅटॅचमेंट मिळतो, त्यात सहा मिमी दांडीचं छोटं कुलूप बसतं. चावी तुझ्या खिशात, सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही. दोघं काम करत असतील तर हास्प (एकाहून जास्त कुलपं अडकवायची कडी) लावून दोन कुलपं. लाल टॅगवर नाव, वेळ, कुठल्या डीबीवर काम चालू आहे ते. लोहार चाळीच्या बाजारात हे सगळं मिळतं, एमसीबीसाठी क्लिपसारखे लॉकही असतात. टॅग एकटा चालत नाही. सिक्युरिटीवाला किंवा ऑफिसचा अॅडमिन लाइट गेली म्हणून शाफ्टमध्ये येतो आणि टॅग न वाचता हँडल वर करतो.

टेस्टिंग_विभाग

वर जे लिहिलंय त्यात पुढचा टप्पा राहिला: सप्लाय गेलाय हे सिद्ध करणं. बरेच अपघात बंद केलेल्या डीबीत होतात, म्हणजे बंद केली आहे असं समजलेल्या डीबीत.

तुझा निऑन टेस्टर या कामासाठी बाद समज. त्यातला प्रवाह तुझ्या अंगातून जमिनीत जातो म्हणून दिवा लागतो. तू कोरड्या लाकडी स्टुलावर किंवा फायबरच्या शिडीवर उभा असलास, किंवा उजेड जास्त असला, तर फेज असूनही दिवा दिसत नाही. नॉन-कॉन्टॅक्ट पेन टेस्टरही आर्मर्ड केबल किंवा पत्र्याआडून गप्प राहतो. टेस्टरने फार तर ‘आहे’ कळतं. ‘नाही’ हे त्याच्यावरून ठरवायचं नाही.

मल्टिमीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट हा सुरक्षा वर्ग छापलेला आहे का बघ. प्रोबवरही तेच पाहिजे. प्रोबचं टोक चार मिमीच उघडं असेल असं टोपण लावून घे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाल लीड कुठल्या सॉकेटमध्ये आहे. मागच्या माणसाने करंट मोजायला लीड १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घातलेली असते आणि तू त्याच लीडने दोन फेज पकडतोस. मीटर त्या वेळी नुसती तार असतो, म्हणजे सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजच नसतो.

क्रम असा. आधी माहीत असलेल्या चालू सॉकेटवर मीटर लाव, २३० च्या आसपास दाखवायला हवं. मग डीबीत मोज. मग परत त्याच चालू सॉकेटवर जाऊन मीटर अजून जिवंत आहे ना ते बघ. मधल्या वेळात लीड तुटली किंवा सेल उतरला तर शून्यच दिसतं आणि ते शून्य खोटं असतं. डीबीत मोजायच्या जोड्या दहा: आर-वाय, वाय-बी, बी-आर, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, प्रत्येक फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ. शेवटची जोडी लोक सोडतात. इनकमरच्या वर दहा आणि खाली बसबारवर दहा.

डिजिटल मीटरवर कधी कधी बंद वायरवर ४०, ६०, अगदी १०० व्होल्टसुद्धा दिसतात. मीटरचा इनपुट रोध मेगओममध्ये असतो, त्यामुळे शेजारच्या चालू वायरचं नुसतं कपॅसिटिव्ह कपलिंगही तो दाखवतो. लो-झेड (कमी इनपुट रोधाचा) मोड असलेला मीटर किंवा दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर लावला की असा भुताटकीचा आकडा गळून पडतो. गळला नाही तर तो खरा सप्लाय आहे, शोध घे. मात्र ‘घोस्ट व्होल्टेज असेल’ म्हणून आकडा दुर्लक्षून हात घालू नकोस. आधी सिद्ध कर, मग नाव दे.

मीटररूम_गिरगाव

थोडक्यात भर. ऑफिसच्या डीबीत एकाहून जास्त सोर्स असतात हे लक्षात ठेव. इमर्जन्सी लाइटचा सर्किट जनरेटरच्या डीबीतून येतो. एएचयूचा (एसीची हवा फिरवणारं युनिट) इंटरलॉक दुसऱ्या पॅनेलचा २३० व्होल्ट कंट्रोल घेऊन येतो. यूपीएसची डीबी शेजारीच असते आणि फिट-आउटवाल्याने (ऑफिसचं आतलं काम करणारा) घाईत यूपीएस सर्किटचा न्यूट्रल रॉ पॉवरच्या, म्हणजे यूपीएसवर नसलेल्या सप्लायच्या, लिंकवर मारलेला असतो. तो न्यूट्रल लिंकवरून सोडवलास तर लोडच्या बाजूच्या टोकाला लोडमधूनच २३० येतं. ‘न्यूट्रल आहे, काय होणार’ म्हणून पकडलेल्या वायरने माणसं गेली आहेत.

आमच्याकडच्या जुन्या चाळींत तर अजून पुढची मजा असते. न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, ओढून काढायचा कटआउट), सिंगल पोल स्विच न्यूट्रलवर, आणि एका खोलीत दोन मीटरांचे दोन फेज. तिथे एक कटआउट ओढला की खोली मेली असं कधीच मानायचं नाही. पावसाळ्यात जिन्याखालच्या मीटर रूममध्ये पाणी शिरतं, बोर्डाचं लाकूड ओलं असतं आणि पत्र्याला हात लावला तरी झिणझिण्या येतात. अशा ठिकाणी काम करायचंच नाही. सप्लाय कंपनीला फोन करून सर्व्हिस कटआउटपासून बंद करून घ्यायचं. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. सील त्यांचं असतं, तोडायचा अधिकार आपल्याला नाही.

शिकाऊ_परळ

खूप आभार. इथले सीनियर वायरमन दादा म्हणतात की लाकडी स्टुलावर उभं राहून एकाच हाताने काम केलं की काही होत नाही, शिवाय डीबीला आरसीसीबी (अर्थला गळती झाली की सप्लाय तोडणारा ब्रेकर) आहे, ती ३० मिलिअँपिअरला पडते. याला काय उत्तर द्यायचं?

पॅनेलवाला_भांडुप

दादांना मान देऊनच सांग, पण ते दोन्ही मुद्दे अर्धे आहेत.

लाकडी स्टूल फक्त पायातून जमिनीकडे जाणारा रस्ता बंद करतो. डीबीत जमीन तुझ्या पायाखाली नसते, ती पत्र्याच्या रूपाने मनगटाला टेकलेली असते. फेजवर अंगठा आणि पत्र्याला कोपर लागलं की सर्किट पूर्ण, मग स्टूल लाकडाचा असो की सोन्याचा. एका हाताची सवय चांगली आहे, पण ती मीटरचे प्रोब धरताना. एक प्रोब क्रोकोडाइल क्लिपने न्यूट्रलला अडकवायचा, दुसरा हाताने फिरवायचा, मोकळा हात खिशात. स्क्रू फिरवायचं, वायर ओढायचं, एमसीबी रेलवर दाबायचं काम एका हाताने नीट होतच नाही, माणूस नकळत दुसरा हात लावतो.

आरसीसीबीचं काम फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतला फरक बघणं. तुझ्या अंगातून प्रवाह अर्थला गेला तर फरक पडतो आणि ती पडते. पण एक बोट फेजवर आणि दुसरं न्यूट्रल लिंकवर असेल, किंवा दोन फेजांवर असेल, तर तू तिच्या दृष्टीने एक साधा लोड आहेस. ती पडत नाही. आणि आरसीसीबीच्या आधीच्या भागाला, म्हणजे इनकमरच्या टर्मिनलला, तिचं संरक्षण मुळात नाहीच. काही पॅनेलमध्ये मेनला १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची बसवतात, ती मुख्यतः आगीसाठी. माणसासाठी ३० चीच धरायची.

एमसीबी तर याहून वेगळी गोष्ट. आकडेमोड करून बघ. हातापासून हातापर्यंत अंगाचा रोध साधारण १००० ओम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. हातातून वस्तू सुटायची बंद होते ती १० मिलिअँपिअरच्या आसपास. ३० ते ५० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. सी-२० एमसीबीला २३० मिलिअँपिअर हा ट्यूबलाइटइतका लोड वाटतो. तो पडण्याचा प्रश्नच नाही.

सीनियर_टेक्निशियन_विक्रोळी

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक बाजू मांडतो. चालू पॅनेलजवळ जायचंच नाही असा अर्थ काढला तर टेक्निशियन कधी तयार होणार नाही. व्होल्टेज मोजणं, टाँग टेस्टरने (वायरभोवती अडकवायचा मीटर) करंट घेणं, फेज सिक्वेन्स बघणं, थर्मल कॅमेऱ्याने गरम जोड शोधणं, हे चालूवरच होतं, बंद केल्यावर मोजायला काही उरत नाही. फरक एवढाच की त्यात पाना-स्क्रू ड्रायव्हर नसतो, काही सुटं होत नाही. अप्रेंटिसने हे अनुभवी माणसाच्या बाजूला उभं राहून शिकावं. थर्मल कॅमेऱ्यात बोल्ट लाल दिसला की पुढचं वाक्य ‘चालूवरच टाइट कर’ असं येतं, तिथे मात्र थांबायचं. गरम झालेल्या जोडाचा बोल्ट आतून खाल्लेला असतो, पाना लावला की तो तुटून बसबारवर पडतो.

हे ट्रान्सफॉर्मरजवळच्या मेन पॅनेलवर झालं तर शॉक ही छोटी गोष्ट ठरते. १००० केव्हीए, ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तर फुल लोड सुमारे १३५० अँपिअर आणि शॉर्ट सर्किट त्याच्या वीसपट, साधारण २७ हजार अँपिअर. तेवढ्या करंटने बसबारचं तांबं वाफ होऊन बाहेर येतं. रबरी मोजे त्यासमोर काहीच नाहीत. पॉलिएस्टरचा युनिफॉर्म वितळून कातडीला चिकटतो, म्हणून पॅनेलच्या कामाला सुती शर्ट, पूर्ण बाह्या. कडं, अंगठी, चेन, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेव. नवव्या मजल्यावरच्या डीबीत केबलच्या लांबीमुळे हा आकडा खूप कमी होतो, तरी काही हजार अँपिअर सहज असतात.

मोज्यांचा विषय निघाला म्हणून. खरे इन्सुलेटिंग रबरी मोजे क्लास शून्यचे, १००० व्होल्टपर्यंतच्या कामाचे. त्यावर चामड्याचे मोजे चढवतात, नाहीतर तारेचं टोक लागून रबराला छिद्र पडतं. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची आणि गालाजवळ धरायचं, बारीक छिद्रातून हवा कळते. टेस्टची तारीख छापलेली नसेल तर घेऊ नकोस. पॅनेलसमोरच्या मॅटवर आयएस १५६५२ छापलेलं हवं. ३.३ केव्हीपर्यंतच्या क्लास ए मॅटची जाडी २ मिमी. दुकानात मीटरने कापून देतात ती काळी रेघांची रबरी चटई नुसती चटई आहे.

आणि अॅमीटर किंवा एनर्जी मीटर बदलायला सांगितला तर आणखी एक गोष्ट. सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मर) सेकंडरीची वायर लोड चालू असताना कधीच उघडायची नाही. उघडली की तिच्या टोकांवर शेकडो, मोठ्या सीटीला हजारो व्होल्ट तयार होतात. पाच अँपिअरची बारीक वायर बघून कुणाला वाटत नाही, पण पॅनेलमधली सगळ्यात फसवी वायर तीच. आधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर शॉर्टिंग लिंक लावायची, मगच मीटर सोडवायचा.

सर्टिफाइड_सुपरवायझर

नाही कसं म्हणायचं, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

आधी कायद्याचा पाया. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत (आधी २०१० चे, आता २०२३ चे) नियुक्त व्यक्तीखेरीज कुणी चालू लाइनवर किंवा उपकरणावर काम करू नये, आणि अशा कामात मदतही करू नये, असं आहे. म्हणजे ‘तू फक्त टॉर्च धर’ हेसुद्धा त्यात येतं. नियुक्ती लेखी असते. अप्रेंटिसची अशी नियुक्ती नसते, कारण त्याच्याकडे अजून वायरमन परमिटही नसतं. अपघात झाला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं आणि तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की काम कुणाच्या देखरेखीखाली चाललं होतं. अप्रेंटिस कायदा १९६१ च्या कलम १६ नुसार प्रशिक्षणात झालेल्या दुखापतीच्या भरपाईची जबाबदारी मालकाची. वाद झाला तर कलम २० प्रमाणे तो शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे जातो.

पण हे सगळं सुपरवायझरच्या तोंडावर फेकू नकोस. त्याने तो चिडेल आणि तुला पुढचे महिने केबल ट्रे पुसायला लावेल. त्याची खरी अडचण ऑफिसवाला आहे, कायदा नाही. त्याला हवा आहे शटडाउनचा असा प्लॅन, जो तो क्लायंटला पुढे करू शकेल. तो तू दे. असं काहीतरी:

‘सर, शाफ्टमधल्या टॅप-ऑफवर बंद करून वीस मिनिटांत होईल. सव्वा एकला लंच ब्रेकमध्ये घेऊ का? यूपीएसवरची कॉम्प्युटर चालू राहतील, फक्त लाइट, एसी आणि रॉ पॉवरचे सॉकेट जातील. बाजूला बसायला दादा पाहिजेत. परमिटवर तुमची सही घेतो.’

शेवटचं वाक्य गोड आवाजात म्हणायचं. चालूवरच्या कामाच्या परमिटवर सही करायला कुणी पुढे येत नाही, आणि सही मागितली की बहुतेक वेळा शटडाउन मिळतं. दुपारी नाही मिळालं तर सकाळी सात वाजता, ऑफिस उघडायच्या आधी. हाच मजकूर व्हॉट्सअॅपवरही टाक, तक्रारीच्या सुरात नाही, वेळ ठरवण्याच्या सुरात.

तरीही ‘आत्ताच्या आत्ता चालूवर कर’ असं म्हणाले तर एकच वाक्य: ‘सर, मला चालूवर काम करायची परवानगी नाही, मी बाजूला थांबतो.’ आणि खरंच थांब, मोबाइल काढून शूटिंग करू नकोस. वारंवार होत असेल तर तुझ्या आयटीआयच्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारी बघणारं केंद्र) सांग. अप्रेंटिसशिपचा करार पोर्टलवर नोंदलेला असतो, त्यामुळे तिथून आस्थापनेला विचारणा होते. विजेच्या सुरक्षेबद्दलची तक्रार विद्युत निरीक्षकाकडे. मुख्य कार्यालय चेंबूरला आहे.

आणि तो काळा पडलेला एमसीबी शटडाउन मिळेपर्यंत तसाच लोडवर ठेवू नका. त्याचा नॉब खाली करून ते सर्किट बंद ठेवा, तेवढं कव्हर न उघडता होतं. सुपरवायझरला आग हा शब्द लवकर पटतो.

टेस्टिंग_विभाग

कॅपॅसिटर पॅनेलचं राहिलं. एपीएफसी पॅनेलचा (तेच कॅपॅसिटर पॅनेल) इनकमर बंद केला, कुलूप लावलं, तरी कॅपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. प्रत्येक युनिटला डिस्चार्ज रेझिस्टर असतो, तो काही मिनिटांत व्होल्टेज खाली आणतो, पण रेझिस्टर जळलेला किंवा तुटलेला असला तर बाहेरून काही कळत नाही. किमान पाच मिनिटं थांबा. मग टर्मिनल ते टर्मिनल मोजा, तिन्ही जोड्या, आणि मीटर डीसीवर ठेवा. एसीवर ठेवलात तर चार्ज असलेला कॅपॅसिटरही शून्य दाखवेल, ही नेहमीची चूक. व्होल्टेज दिसलं तर इन्सुलेटेड दांडीवर लावलेल्या रेझिस्टरने उतरवायचं. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची पद्धत बघितली असशील, ती शिकू नकोस, टोक वितळून डोळ्यात उडतं. रिकामा झाल्यावर टर्मिनल एकमेकांना आणि बॉडीला जोडून ठेवायचे, काम होईपर्यंत.

व्हीएफडीचंही (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असंच. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या डीसी बसवर ५६० ते ५९० व्होल्ट असतात. झाकणावर छापलेली मिनिटं थांबून डीसीवर मोजायचं.

पॅनेलला जनरेटरची ऑटो चेंजओव्हर असेल तर मेन बंद होताच जनरेटर आपोआप उठतो आणि तीच बस चालू करतो. काम सुरू करायच्या आधी त्याचा सिलेक्टर ऑफवर, जनरेटरच्या ब्रेकरलाही कुलूप. गच्चीवर सोलर असेल तर त्याचा एसी आयसोलेटरही.

फर्स्टएड_डेस्क

ज्यांना बाजूला बसवता त्यांना काय करायचं हे माहीत नसेल तर त्यांचा उपयोग नाही. चिकटलेल्या माणसाला ओढायला जायचं नाही. पहिला हात टॅप-ऑफच्या हँडलवर. म्हणून ते हँडल कुठे आहे हे काम सुरू व्हायच्या आधी दाखवून ठेवा, शाफ्टची चावी दाराला लावलेली राहू दे. सप्लाय तोडता येतच नसेल तर कोरडा बांबू किंवा फायबरची दांडी वापरून माणसाला बाजूला ढकलायचं, तेही फक्त लो टेन्शनच्या सप्लायला.

सुटल्यावर हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही तर लगेच छातीवर दाब: मधोमध, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०. तोंडाने श्वास देता येत असेल तर ३० दाबांना २ श्वास, नाहीतर नुसते दाब. दुसऱ्याने १०८ लावायचा आणि लॉबीतला एईडी (हृदयाला झटका देऊन लय परत आणणारं यंत्र) आणायचा. बऱ्याच टॉवरमध्ये तो असतो आणि इलेक्ट्रिशियनलाच माहीत नसतो. लिफ्टमनला तळमजल्यावर थांबवा, स्ट्रेचर अडकतं ते तिथेच.

माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी हॉस्पिटलमध्ये नेऊन ईसीजी काढून घ्यायचा. किती व्होल्ट, किती वेळ, कुठून कुठे गेला, बेशुद्ध होता का, एवढं डॉक्टरांना सांगा. कातडीवर टिकलीएवढा डाग असतो आणि आत स्नायू भाजलेला असतो.

शिकाऊ_परळ

उद्या सकाळी सातचा शटडाउन मिळाला. सरांनी परमिटचं ऐकून स्वतःच वेळ काढली. दादा बाजूला असतील. लॉक अॅटॅचमेंट आज घेतो. बसवताना आणि सप्लाय परत देताना काही बघायचं?

पॅनेलवाला_भांडुप

मस्त. नवीन एमसीबी त्याच मेकचा आणि त्याच रेंजचा घे, नाहीतर बसबारचा दात टर्मिनलमध्ये नीट बसत नाही. रेटिंग वायर बघून ठरव. वायर २.५ चौ.मिमी असेल तर सी-२० ठीक, १.५ असेल तर आधी खाली आण. ब्रेकिंग कपॅसिटी १० केए. करपलेली वायर मागे चांगलं तांबं दिसेपर्यंत काप, लांबी कमी पडली तर डीबीत जोड मारू नकोस, नवीन वायर ओढ. मल्टिस्ट्रँडला पिन लग क्रिम्प कर. स्क्रूचा टॉर्क एमसीबीच्या बाजूला छापलेला असतो, बहुतेक २ ते २.५ न्यूटन मीटर, टॉर्क स्क्रू ड्रायव्हर वापर. दात टर्मिनलच्या पिंजऱ्याच्या आत गेलाय का मागे, ते टॉर्च मारून बघ. जुना एमसीबी काळा पडायचं निम्म्या वेळा कारण हेच असतं. शेजारच्या दोन-तीन एमसीबींचे स्क्रूही त्याच बैठकीत तपास, बसबारचा दात काळा किंवा खड्डे पडलेला असेल तर नुसता एमसीबी बदलून भागणार नाही.

मग त्या सर्किटचा लोड काढून मेगर (इन्सुलेशन रोधाची टेस्ट) घे, ५०० व्होल्टवर, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. एक मेगओमच्या खाली आला तर चालू करू नकोस. हत्यारं मोज, कव्हर लाव, सगळे आउटगोइंग आणि इनकमर खाली ठेव. कुलूप तूच काढ. आधी टॅप-ऑफ, मग इनकमरच्या वर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचं व्होल्टेज, फेज ते न्यूट्रल सारखी यायला हवीत. एक १८० आणि एक २७० दिसली तर न्यूट्रल कुठेतरी सुटलाय, इनकमर चढवू नकोस, नाहीतर अख्ख्या ऑफिसची उपकरणं उडतील. ठीक असेल तर इनकमर, आरसीसीबी, तिचं टेस्ट बटण एकदा दाबून, आणि मग आउटगोइंग एकेक. एसीचे शेवटी आणि मध्ये थोडा वेळ सोडून, सगळे एकदम चढवले की सुरुवातीच्या करंटने इनकमरच पडतो आणि सगळे तुझ्याकडे बघतात. अर्ध्या तासाने फुल लोडवर त्या टर्मिनलचं तापमान शेजारच्याशी ताडून बघ, थर्मल कॅमेरा सरांकडून मागून घे.